राखण्याची पाठ

आत्येच्या शेजारच्या शेवंतीकाकीचा फोन आला तेव्हा मी कुडाळला शाळेत पाचवीच्या मुलांवर ओरडत होते. "मथूबाय गेली गो… फुलां काढून इली, देवाकडे बसली, ती उठलीच नाय." मथू म्हणजे माझी आत्ये, बाबांची थोरली बहीण. देवबागला एकटी राहायची. जन्मभर बालवाडीची बाई. लग्न केलं नाही, आणि त्यावर कुणी हळहळलं की त्याची अशी खरडपट्टी काढायची की पुन्हा विषय नाही. आता महिना होऊन गेला. मी चिडचिडी झालेय असं घरातले म्हणतात. झालेय! माझं हक्काचं माणूस गेलंय.

तिच्या देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेला, मूठभर तांदळांवर, पितळेचं एक गोल नाणं होतं. मधोमध चौकोनी भोक. तिचे आजोबा जहाजावर खलाशी. त्यांनी ते चीनकडून आणलं आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर, कुणाशी चकार शब्द न बोलता, थेट देवांत नेऊन ठेवलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. नाण्यावर काठी घेतलेला दाढीवाला म्हातारा. हातात काठी म्हणजे हा राखणदारच, असं घराने ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून त्या राखण्याला रोज गंध, हळदकुंकू आणि भोकात देठ खोचून तगरीचं एक फूल. पुढे भावाभावांत देव वाटले गेले तेव्हा हा परका राखणा कुणालाच नको होता. आत्येने घेतला.

अलीकडे मात्र तिला त्याचाच घोर लागला होता. "माझ्या मागसून ह्याका फूल कोण घालतलो?" मी म्हटलं, मी घालीन. तर म्हणाली, "देव सांभाळूचो म्हणजे खेळ नाय. तू शोधून काढ. देव असलो तर माझ्यामागे दर्यात सोड. नसलो तर तुझ्याकडे ऱ्हवांदे." आमच्याकडे ज्या देवाची पूजा होणार नाही तो समुद्राच्या स्वाधीन करतात, म्हणून हे.

पुण्याला माझी एक मैत्रीण चिनी भाषा शिकवते. तिला फोटो पाठवला, तर तिने मागची बाजू मागितली. मागची बाजू! ती घरात कुणी पाहिलीच नव्हती. "देवाक पालथो घालतत काय गो?" आत्ये माझ्या अंगावरच आली. दोन दिवस अबोला. मग एका सकाळी तिने आपणहून नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा राखण्या म्हाराजा, ह्या चेडवाक तुझी पाठ बघूची आसा. काय चुकला-माकला तर सांभाळून घे, रे म्हाराजा!" मला हसू आवरेना, तरी "होय म्हाराजा" म्हणावंच लागलं. तिने नाणं उलटलं. गंधाचा थर चिंचेने घासला, तशी चार अक्षरं वर आली.

मैत्रिणीचा फोन आला. हे चलनातलं नाणंच नव्हे. लहान मुलाच्या गळ्यात लाल दोऱ्यात बांधायचा ताईत आहे, आणि अक्षरं म्हणतात, दीर्घायुष्य मिळो, धन आणि मान मिळो. तो म्हातारा त्यांच्याकडचा आयुष्य देणारा देव. मी आत्येला म्हटलं, "बघ, तू अगदीच चुकली नव्हतीस." ती म्हणाली, "आजो दर्यार असताना त्याचा थोरला चेडू गेल्ला. तापान… आजो परत इलो तेव्हा बांधूक गळोच नाय हुतो." त्या मुलीचं नावसुद्धा घरात कुणाला माहीत नाही. आत्येने पदर डोळ्याला लावला. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. खरंच तसं घडलं असेल का, कोण सांगणार? मी ते खरं धरून चालते.

निघताना तिने माझा हात घट्ट धरला. "दर्यात सोडू नको हां. ता ल्हान आसा गो." आमची तीच शेवटची भेट.

अस्थी सोडायला गेलो तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, तिचा राखणाही सोडूया, कोण करणार त्याचं? मी गुडघाभर पाण्यात उभी राहून त्याच्यावर ओरडले. लोक बघत होते. बघू देत.

ती गेली त्या दिवशी मी देव्हाऱ्यापाशी गेले होते. तगरीचं फूल ताजंच होतं, तिने नुकतंच खोचलेलं. पण भोकात लाल दोरा ओवलेला होता, आणि ज्या बाईने देव एकदा उलटायलाही नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, तिने राखण्याला तांदळांत पालथा निजवून त्या मुलीसाठीची अक्षरं वर केली होती. कुडाळच्या ब्लॉकमध्ये मीही ते तसंच ठेवलंय. तगर कुंडीत लावलीय, अजून फुललेली नाही. तोवर खालच्या काकूंच्या झाडाचं रोज एक फूल मागून आणते. काकूंनी विचारलं, कुठल्या देवाला?

म्हटलं, देवाला नाही. घरात एक लहान मूल आहे.