साडूंची टाकी आणि करपट चव

करपलेलं दूध आमच्या साडूंपासून लपवू शकेल असं पातेलं अजून कुणी घडवलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्यात केमिकल इंजिनिअर झाले, न्यूझीलंडला आले, हॉर्नबी नावाच्या उपनगरात घर घेतलं आणि क्राइस्टचर्चबाहेरच्या माळावर दुधाची पावडर करणारा एक कारखाना आहे तिथे टाक्या धुण्याच्या खात्याचे प्रमुख झाले. दुमजली घर मावेल एवढ्या त्या स्टीलच्या टाक्या. त्या आतून कशाने, किती गरम पाण्याने आणि कुठल्या क्रमाने धुवायच्या हे साडू ठरवतात. पण पगार टाक्यांचा असला तरी साडूंची खरी इभ्रत त्यांच्या जिभेवर उभी होती. पावडर कारखान्याबाहेर पडण्याआधी काही निवडक माणसं ती पाण्यात कालवून चाखतात आणि पाठवायची की नाही ते सांगतात. त्या पॅनेलवर साडू होते. यंत्राला न सापडलेली करपट चव त्यांना सापडते, असं तिथले साहेबलोकसुद्धा मानायचे. "मशीन शेवटी मशीन," साडू म्हणायचे. "त्याच्या आईने कधी दूध उतू घालवलंय?"

ही जीभ कारखान्यात ठेवून घरी येता येत नाही, हीच आमची अडचण होती. कुणाकडेही गेलं की साडू चहाचा पहिला घोट तोंडात धरत, फुर्र करून त्यातून हवा ओढत, छताकडे बघत आणि थांबत. तोवर घरची बाई ओढणीचं टोक पिरगाळत उभी. मग निकाल लागायचा. "दूध दोनदा तापवलंय." किंवा, "या पातेल्यात आधी कांदा परतला होता." पॅनेलवर चाखून थुंकायची पद्धत असल्यामुळे एकदा नव्या ओळखीच्या घरी ते पहिला घोट घेऊन उठले, सरळ घरामागच्या लाकडी डेकवर गेले आणि तो लॉनवर टाकून आले. त्या घरचं बोलावणं पुन्हा आलं नाही. एका कोजागिरीला इथल्या मराठी मंडळाने हॉल घेऊन भलंमोठं पातेलंभर मसाला दूध आटवलं होतं. केशर, वेलदोडे, जायफळ, कशाची म्हणून कमी नव्हती. साडूंनी घोट घेतला आणि म्हणाले, "खाली लागलंय." दूध ढवळणाऱ्या बायकांनी शपथा घेतल्या. पातेलं रिकामं झाल्यावर बघितलं तर तळाशी रुपयाएवढा तपकिरी डाग. तेव्हापासून मंडळात त्यांना मान होता, पण जेवायला कुणी बोलवत नव्हतं. बोलवायची ती फक्त माझी बायको, कारण तिला त्यांच्याशी भांडायला आवडतं. "जिजू, काही न शोधता जेवा ना," ती म्हणायची. "शोधत नाही गं," ते म्हणायचे, "सापडतं."

अशा माणसाला व्यसन असू नये, पण होतं. तरुणपणी सिगरेटी ओढायचे. पॅनेलवर जायचं ठरवलं तेव्हा त्या सोडल्या आणि मधला रस्ता म्हणून व्हेप, म्हणजे वाफेची इलेक्ट्रॉनिक सिगरेट, धरला. चाखायच्या दिवशी काम होईपर्यंत ते त्याला हात लावत नसत. संध्याकाळी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून मागच्या डेकवर बसायचं आणि पुदिन्याची वाफ सोडायची, एवढाच काय तो शौक. या व्हेपला अंगठ्याएवढी काचेची टाकी असते. तिच्यात लिक्विड, आणि मधोमध कापूस भरलेली कॉइल. लिक्विड संपलेलं असताना झुरका घेतला की कापूस जळतो. गेल्या उन्हाळ्यात, नॉर्वेस्टचा, म्हणजे वायव्येचा, गरम वारा सुटलेला असताना, मला कारखान्यातल्या टाकीत साचणाऱ्या थराविषयी काहीतरी समजावून सांगण्याच्या नादात साडूंनी रिकाम्या टाकीतून झुरका ओढला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि बोलता आलं तेव्हा म्हणाले, "करपलं." दुसऱ्याचं दूध करपलं की त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरायचं. या वेळी ते नव्हतं.

खरं तर काम सोपं होतं. कॉइल बदलायची, टाकी कोमट पाण्याने विसळायची, वाळवायची. त्यांच्या मुलीनेही फोनमधून डोकं वर न काढता तेच सांगितलं, "बाबा, जस्ट चेंज द कॉइल." साडूंनी ती बदलली, तरी करपट चव जाईना. "म्हणजे टाकीत कुठेतरी बसलीये," ते म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. ओट्यावर स्टीलचं ताट आलं. त्यात काच, तोंडात धरायची नळी आणि केसाएवढ्या बारीक रबरी रिंगा मांडल्या गेल्या. आधी पाणी, मग खाण्याचा सोडा, पुन्हा पाणी, मग लिंबाचा रस, पुन्हा पाणी, अगदी कारखान्यातल्या क्रमाने, डोक्याला जाळीची टोपी घालून. वाळायला ती टाकी गीझर ठेवलेल्या उबदार कपाटात, घरच्यांच्या टॉवेलांवर विराजमान झाली आणि कपाटाच्या दारावर चिठ्ठी लागली, "धुऊन झाली. हात लावू नये." दूध करपलं तर आई त्यात विड्याचं पान टाकायची हे आठवून त्यांनी रिकार्टनच्या भारतीय दुकानातून पानं आणली आणि टाकी त्यांच्यात गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाले, "आता करपलेलं पान लागतंय." मेव्हणीने, म्हणजे साडूंच्या बायकोने, हात टेकले. "जेवणाची भांडी घासा म्हटलं की यांची पाठ दुखते," ती म्हणाली, "आणि हे बोटभर भांडं रोज न्हाऊ घालतायत." शेवटी व्हेपच्या दुकानात गेलो. तिथल्या दाढीवाल्या माणसाने टाकी उजेडात धरून फिरवली. "मेट, इतकी क्लीन टाकी मी बघितलेली नाही," अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला आणि नवी टाकी काढून दिली. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे झक्कास काम झालं.

नवी टाकी, नवी कॉइल, नवं लिक्विड. कॉइलवर थेंब सोडून साडूंनी कापूस नीट भिजू दिला. मी डेकवर शेजारीच बसलो होतो. त्यांनी झुरका घेतला, आभाळाकडे बघितलं, थांबले आणि व्हेप खाली ठेवला. मेव्हणीने आणून ठेवलेल्या चहाचा घोट घेतला. मग बिस्किटाचा तुकडा. मग आत जाऊन नळाचं पाणी प्यायले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता. "टाकीत काही नाहीये," ते म्हणाले. "पाणीसुद्धा करपट लागतंय."

डॉक्टरांनी तपासलं. चव आणि वास, दोन्ही बिघडलेत म्हणाले. मध्यंतरी झालेल्या फ्लूमुळे असेल, वाफेमुळे असेल, वयामुळेही असेल. आपोआप जाईल, कदाचित राहीलही. तोवर पॅनेलच्या माणसांची परीक्षा जवळ आली होती. सारख्या दिसणाऱ्या पेल्यांतून करपट कुठला ते ओळखायचं, आणि चुकलं तर पॅनेलवरून नाव कमी. मी म्हटलं, "बसा की. वीस वर्षांचा अनुभव आहे, नुसत्या रंगावरूनही अंदाज येईल." साडूंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "अरे, ते दूध लहान मुलं पितात," ते म्हणाले. परीक्षेची वाट न बघता त्यांनी साहेबांना स्वतःच जाऊन सांगितलं की माझी जीभ आता भरवशाची नाही, दुसरं माणूस बघा. साहेबांनी पाठ थोपटली, "गुड ऑन यू" म्हणाले. त्या संध्याकाळी साडूंची गाडी ड्राइव्हवेत येऊन थांबली, पण ते बराच वेळ उतरलेच नाहीत. मेव्हणीने खिडकीतून बघितलं आणि त्यांना बसू दिलं. हे तिने नंतर सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

व्हेप सुटला. तो मुद्दाम सोडावा लागलाच नाही, पुदिनाही करपट लागायला लागल्यावर ओढायचा कशासाठी. साडू आता चहा मुकाट्याने पितात. कुणाकडे गेलं की "छान झालंय" म्हणतात, त्यामुळे मंडळात त्यांना पुन्हा आमंत्रणं येऊ लागली आहेत. लोक म्हणतात, किती निवळले. फक्त माझ्या बायकोला ते सहन होत नाही. "जिजू जेवतात," ती म्हणते, "पण ताटावर नसतात."

मागच्या रविवारी ते सगळे आमच्याकडे होते. खीर गॅसवर असताना पुण्याहून फोन आला, बायको बोलत राहिली आणि खीर तळाला चांगलीच लागली. पहिल्या चमच्यालाच सगळ्यांना कळलं. साडू मात्र खाली बघून खात होते. अर्धी वाटी झाल्यावर म्हणाले, "छान झालीये." बायकोने चमचा खाली ठेवला. "जिजू, करपलीये. खरोखरच करपलीये."

साडू थांबले. "हो का?" ते म्हणाले. "मला वाटलं, माझंच."

मग त्यांनी आणखी एक चमचा घेतला. हवा ओढली, छताकडे बघितलं. आम्ही कुणी हललो नाही, त्यांची मुलगीसुद्धा. खूप वेळाने ते म्हणाले, "नाही. वेगळं काढता येत नाही." बायको पाणी आणते म्हणून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली.

जेवणं झाल्यावर साडूंनी कुणाला विचारलं नाही. करपलेलं पातेलं घेतलं, त्यात गरम पाणी आणि सोडा घालून ठेवलं, आणि थोड्या वेळाने घासायला उभे राहिले. मी टॉवेल घेऊन शेजारी उभा राहिलो. तळ लख्ख झाला, तरी ते घासत होते. मग पातेलं विसळून त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं. "बघ रे, गेला का वास?"

मी नीट हुंगलं. "गेला," मी म्हटलं.

त्यांनी स्वतः हुंगून बघितलं नाही. "मग झालं," म्हणाले, आणि माझ्या शब्दावर पातेलं रॅकमध्ये उपडं घातलं.