चुंबकाप्पांचा उंबरठा

माझ्या सासऱ्यांच्या गळ्यात दोन दोरे असत. एकात चांदीच्या करडगीतलं, म्हणजे छोट्या डबीतलं, इष्टलिंग आणि दुसऱ्यात, मर्यादा राखून चांगलं वीतभर खाली, लोहचुंबक. सोलापुरात शुक्रवार पेठेत त्यांचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं आठ आणे पुढे केले की ते आधी चुंबकाला लागत, मग पुडी बांधली जाई. तेव्हा सरकारी आठ आणे चुंबकाला टचकन चिकटत. शिशाचं खोटं नाणं चिकटत नसे. आप्पा बोलायचे मराठी, पण निकाल कानडीत द्यायचे. चिकटलं तर "हौदु". नाही चिकटलं तर "इल्ला". 'इल्ला' ऐकलेला माणूस पुढे आठवडाभर त्या गल्लीतून जात नसे. सगळी पेठ त्यांना चुंबकाप्पा म्हणायची.

सापडलेलं खोटं नाणं ते परत देत नसत. "बाहेर गेलं तर दुसऱ्याला फसवंल की," म्हणत आणि खिळा ठोकून ते दुकानाच्या उंबरठ्यावर कायमचं बसवत. वर्षानुवर्षांच्या खोट्या नाण्यांनी तो उंबरठा भरून गेला होता. प्रत्येकाची कुंडली आप्पांना पाठ. "हा बघा, घाईवाला. साचा गार व्हायच्या आधीच उघडला. आणि ह्याच्या सिंहाला आयाळच न्हाई, लई आळशी माणूस." खोटी नाणी पाडणाऱ्यांना पकडावं असं त्यांना कधी वाटलं नाही, त्यांनी काम मन लावून करावं, एवढंच वाटे.

मी त्या वेळी बँकेत कारकून होतो आणि त्यांच्या शारदाशी माझं लग्न ठरलं होतं. साखरपुड्यात मुलीची ओटी आमच्याकडून भरायची होती. होणाऱ्या सासऱ्यांचा नाण्यांचा नाद ऐकून होतो. छाप पाडावी म्हणून मी कॅशियरच्या विनवण्या करून टाकसाळीतून आलेले कोरे करकरीत आठ आणे मिळवले. ओटीत खोबऱ्याच्या वाटीशेजारी ते असे चमकत होते की शारदाची मावशीसुद्धा वाकून बघून गेली.

आप्पांनीही बघितलं. हात सवयीनं गळ्याकडे गेला. पहिलं नाणं चिकटलं नाही. दुसरं नाही. तिसरं तर चुंबकावरून घसरून हळदीकुंकवात पडलं. आप्पा जड आवाजात म्हणाले, "इल्ला."

माझे वडील माढ्याकडचे शेतकरी. ते ताडकन उठले. "मंजी? आमी काय घरी टाकसाळ घातली व्हय?"

"नाणं बोलतंय, पाव्हणं. मी न्हाई बोलत."

"मग त्या नाण्यालाच इचारा पोरगी कुणाला द्यायची ती! चला रं, गाडी जुपा!"

आप्पांना बाजूला घेऊन दोन शब्द सांगणं सहज शक्य होतं. पण माझ्या अंगात बँक शिरली. मी मांडवाच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं सांगितलं, "सरकारनं धातू बदललाय. नवी नाणी चुंबकाला चिकटतच नाहीत. ज्यांच्याजवळ नवे आठ आणे असतील त्यांनी काढा!" निघाले. एकही चिकटेना. मग कोणीतरी हसलं, पाठोपाठ सगळा मांडव हसला. "आप्पा, मागच्या सोमवारी माझं नाणं ठोकलंत ते?" एकानं विचारलं. "आणि माझं?" दुसरा. नव्या नाण्यांचे मालक एकेक करून उभे राहू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली पोरं पक्कड घेऊन उंबरठ्यावर बसली होती. खरे आठ आणे उचकटत होती आणि आप्पा मान खाली घालून त्यांना खिळे धरून देत होते.

लग्न झालं. शारदा माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे: "खरंच होतं, पण कानात सांगता आलं नसतं का?"

आप्पांनी चुंबक उतरवून शिवणाच्या डब्यात टाकला. आता येईल ते नाणं न बघता गल्ल्यात टाकत. कोणी विचारलं तर म्हणत, "बँकेला विचारा बाबा, आमाला काय कळतंय." दुकानात गेलं की मला तो मोकळा गळा दिसे आणि मी चटणी न घेताच बाहेर पडे. वाटायचं, एकदा तरी त्यांनी पूर्वीसारखं खोटं नाणं पकडावं. चुंबक गळ्यात येण्याआधी ते नाणं दगडावर टाकून, खणकन वाजतं की ठप्प, यावरून ओळखत. चुंबक निकामी झाला असेल, पण तो कान तर शाबूत होता.

म्हणून बँकेचा हा नोकर खोटं नाणं मिळवायच्या मागे लागला. गरज नसताना आपल्या हातात हमखास येणारी ही वस्तू मागायला गेलं की मिळत नाही. पानवाला संतापला, "हितं खोटं मिळतंय असं कुणी सांगितलं तुमाला?" शेवटी माढ्याला गेलो तेव्हा वडिलांनीच कनवटीचं काढून दिलं. "ने बाबा. बाजारात कुनी घेत न्हाय. तुज्या सासऱ्याला दे, त्येला लई कळतंय."

शनिवारी संध्याकाळी, गिरणीचा भोंगा होऊन दुकानात गर्दी झाली असताना, मी चटणी मागितली आणि ते नाणं पुढे केलं. आप्पांनी नाणं घेतलं आणि, कितीतरी वर्षांनी, चटणी कुटायच्या दगडावर टाकलं. ठप्प. बहिऱ्यालाही कळावं असा आवाज. त्यांनी ते अंगठ्यानं चोळलं, माझ्याकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं.

"हौदु," ते म्हणाले, आणि उरलेले चार आणे माझ्या हातावर ठेवले.

मी घरी येऊन न जेवता झोपलो. माणसाचा कानही मीच घालवला, असं वाटलं. पुढच्या आठवड्यापासून मात्र गल्ल्याशेजारी एक काळा दगड आला. आप्पा पुन्हा नाणी वाजवू लागले, "इल्ला" पुन्हा गल्लीभर ऐकू येऊ लागलं, उंबरठ्यावर नवे खिळे दिसू लागले. हे कशानं झालं ते मला कळलं नाही.

आप्पा गेले. पुढे दुकान विकायचं ठरलं, तेव्हा शारदा आणि मी आवराआवर करायला गेलो. स्टुलावर चढून मी चौकटीवरचं जुनं तोरण काढलं. त्याच्यामागे, कोणाचाही पाय लागणार नाही अशा जागी, शिशाचे आठ आणे पितळी खिळ्यानं ठोकलेले होते.

"तुमचेच आहेत," शारदा खालून म्हणाली. "त्याच रात्री ठोकले आप्पांनी. म्हणाले, जावयाचं आहे, उंबरठ्यावर नको."

"मग तेव्हाच का नाही बोलले?"

"दुकानात माणसं होती ना," ती म्हणाली आणि स्टूल धरून उभी राहिली.