दमणीतली मागची जागा

त्या दिवशी परतवाड्यात सकाळपासून झाकोळ होता. पाऊस नाही, ऊन नाही. चिखलदऱ्याचा डोंगर कोणी पुसून टाकावा तसा गायब. आता मोटारी वर जातात, बैलांच्या दमणीला विचारतो कोण? आम्ही म्हातारे गाडीवान चिंचेखाली शेकोटी करून बसलो. बैल रवंथ करतात, तशा आम्ही जुन्या खेपा चघळतो. किस्से कडब्याच्या गंजीसारखे साचतात. एक पेंढी ओढली की चार घसरतात!

आमचा सीझन उन्हाळ्याचा. साहेब, मेमसाहेब, वकील, मास्तर, सारे थंड हवेला वर. दमणीत पाय ठेवायला जागा नसे. काही घरं मात्र गर्दी टाळून दिवाळीनंतर येत. त्यांच्यासाठी आम्हा गाडीवानांचा एक नेम होता: घाट उतरताना मागची जागा रिकामी ठेवायची नाही. माणूस नसेल तर धोंडा ठेवायचा.

माझी बायको सरू दर खेपेला विचारायची, "मागं धोंडा होता काय?" होता म्हटलं की भाकर वाढायला घ्यायची. आमची पोरगी यमू एका उन्हाळ्यात वरच्या बाजारात, त्याच गर्दीत, तिच्या हातातून सुटली. गाडीवानांनी दऱ्या पालथ्या घातल्या. सापडली नाही. तेव्हापासून सरू वर गेली नव्हती.

*

अमरावतीचे एक वकील थंडीत आले. "उन्हाळ्यात वर गेलं तर तिथेही अशीलच भेटतात! आता कसा सारा डोंगर आपला."

उतरताना धोंडा पाहून हसले. "या दगडाचं भाडं कोण देणार?" ठेवू दिला नाही.

घाटात त्यांची म्हातारी आई मागं तोंड करून गप्पा मारत बसली. माहेर कोणतं, लेकरं किती.

"आई, कोणाशी बोलतेस?"

"अरे, या बाईशी. अंजनगावची आहे. केव्हाची पायी चालत होती बिचारी!"

वकिलांनी मान वळवली नाही. समोर पाहतच मला म्हणाले, "इथं कुठं धोंडा मिळेल का हो?"

*

वरच्या डाकबंगल्याचा चौकीदार गणपत. सीझनमध्ये "जागा नाई" हे त्याचं ठरलेलं. अकोल्याचे एक मास्तर पौषात बायको आणि पोराला घेऊन गेले, तरी तेच!

"जागा नाई. सारं भरलं हाय."

खोल्या सताड उघड्या, खाटांवर धूळ. मास्तर चिडले. "अहो, आहे कोण इथं?"

गणपतनं ओठांवर बोट ठेवलं. "मोठ्यानं नोका बोलू, मास्तर. राग येते त्यायले."

*

तेच मास्तर मग पंचबोलावर गेले. तिथं एक हाक मारली की दऱ्या पाचदा परत देतात. गर्दीत ते धड ऐकू येत नाही, म्हणून मास्तर खुश. पोराच्या नावानं ओरडले, "बाळू!"

पाचही बोल आले. मग खालून कोणीतरी बारीक आवाजात "ओ" दिली.

मास्तर हसले. "बाळ्या, लबाडा!"

मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "त्याचं तोंड चिवड्यानं भरलंय हो."

*

हा किस्सा घरी सांगितला, तर सरूच्या हातातली भाकर तव्यावर करपली.

"ओ पोराची होती का पोरीची?"

"मी दूर बैल जुंपून राहिलो होतो."

"मंग मले न्या वर. गर्दी नसली तवा."

नेली. पंचबोलावर उभी राहून तिनं एकदाच हाक मारली, "यमू!" दऱ्यांनी ती पाचदा परत दिली. आम्ही थांबलो. वारासुद्धा नव्हता. कोणी ओ दिली नाही.

निघताना मी सवयीनं धोंडा उचलला. सरूनं माझा हात धरला. "राहू द्या."

"सरू, नेम हाय."

"असू द्या. जागा मोकळी ठेवा."

सारा घाट दोघंही समोर पाहत उतरलो. बैल मात्र भरल्या गाडीसारखे पाय रोवत चालले.

दिवेलागणीला दारात आलो. शेजारीण आळीत नवीन होती, बाळापूरकडची. आमच्याकडचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. फुलांची टोपली खाली ठेवून ती दमणीजवळ आली, मागं वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "भाऊ, नुसते उभे कावून? पोरगी झोपली हाय न, उचलून घ्या. चालून चालून पाय पाहा कसे सोलले लेकराचे."