रिळावर टेकलेलं झाकण

लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये नुसती एक फळी. त्यामुळे त्या घरात गुपित म्हणून काही टिकायचं नाही. ते भांडण ताईनं ऐकलं तेव्हा ती मोरीत कपडे धूत होती. मुद्दाम नाही ऐकलं. देवानं डोळ्यांना झाकण दिलं, कानांना दिलं नाही, म्हणून ऐकलं.

“हा बघ, याला म्हणायचं प्रोसेसर,” धाकटा सांगत होता. “सर्व्हरमधला आहे. चांगला तळहाताएवढा. आत साठ गडी एकदम कामाला बसतात. दिवस म्हणू नको, रात्र म्हणू नको, हजारो लोकांचं ओझं वाहतो. नाहीतर तुझा तो लॅपटॉपमधला. नखाएवढा!”

“नखाएवढा असू दे, पण अक्कल आहे त्याला,” दादाचा आवाज आला. “गडी आठच, पण वेळ आली की तुझ्या साठातल्या कुठल्याही एकाला मागे टाकतील. काम नसलं की गप पडून राहतो, बॅटरी राखतो. तापला की आपणहून दमानं घेतो. तुझा म्हणजे घाण्याचा बैल! वर त्याला थंडगार खोली पाहिजे, वारा घालायला माणसं पाहिजेत. जावयाचे लाड नुसते.”

“बैल तर बैल. पण त्याला उचलून दुसऱ्या बोर्डावर बसवता येतं. तुझा जन्मभरासाठी डाग देऊन चिकटवलेला. बोर्ड गेला की तोही गेला.”

फळीपलीकडे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“चिकटलेला कुणाला म्हणतोस रे?” दादानं हळूच विचारलं.

ताईनं नळ बंद केला. भांडण प्रोसेसरचं नव्हतंच मुळी. धाकट्याला लांबच्या शहरात, सर्व्हर ठेवतात तसल्या एका मोठ्या हॉलमध्ये नोकरी लागली होती. आणि दादाच्या मनात दुकानाच्या पाटीवर दोघा भावांची नावं घालायचं होतं. पण ‘जाऊ नकोस’ एवढे दोन शब्द पुरुषमाणसांच्या जिभेला पेलत नाहीत. त्यापेक्षा ती प्रोसेसरवरून भांडतात.

धाकटा गेला. जाताना दादाच्या पाया पडला, पण दादानं मान वर केली नाही. हातातला स्क्रू काही सुटत नव्हता म्हणे.

दादाला सगळी गल्ली पंखेवाला म्हणायची. गिऱ्हाईक लॅपटॉपचं कसलंही दुखणं घेऊन येवो, याचा पहिला प्रश्न ठरलेला, “पंखा कधी साफ केला होता?” एक बाई नुसता पत्ता विचारायला आल्या होत्या, त्यांनाही विचारला. बाबांचा दाढीचा ब्रश त्यानं त्याच कामाला लावला होता. लग्नाचं राहून गेलं. ताई नवऱ्यामागे माहेरी परतली, तेव्हा त्यानं एका शब्दानं विचारलं नाही, मागची खोली झाडून तेवढी दिली. असा माणूस. तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ.

जाण्याआधी धाकट्यानं एक काम करून ठेवलं होतं. गिऱ्हाइकानं टाकून दिलेला एक जुना लॅपटॉप फडताळावर मांडला. त्यात आईचे फोटो आणि बाबांच्या आवाजातल्या जुन्या टेपा भरल्या. “ताई, हा आपला घरचा सर्व्हर,” तो म्हणाला. “मी तिकडून बघेन, ऐकेन. फक्त बंद पडू देऊ नका.” त्याच्या कडेला एक हिरवा दिवा होता. एरवी संथ असायचा. तिकडून कुणी काही मागितलं की भराभर लुकलुकायचा.

“शेळीला नांगराला जुंपलंय,” दादा फणकारला. “लॅपटॉप म्हणजे चार घटका कामाचा आणि मग झोपेचा जीव. असा अखंड चालवला तर उकडून मरेल.”

बोलला खरा. पण आठवडा सरतो न सरतो तोच त्यानं त्याच्याखाली दोन विटा सरकवल्या, खालून वारा जावा म्हणून. फुगायला लागलेली बॅटरी काढून टाकली. झाकण चुकून पडू नये म्हणून ताईच्या शिवणाच्या डब्यातलं लाकडी रीळ मध्ये ठेवलं. आणि दर रविवारी दाढीचा ब्रश घेऊन पंखा साफ.

भावाभावांचं बोलणं मात्र बंद. धाकटा फोन करायचा तो ताईला.

“दादा कसा आहे?”

“तूच विचार की. इथेच बसलाय, कान टवकारून.”

“राहू दे.”

आणि फळीपलीकडून दादाचं खोटं खोकणं.

पण संध्याकाळी गिऱ्हाईक पातळ झालं की फडताळावरचा दिवा लुकलुकायला लागायचा. दादा रेडिओ बारीक करायचा आणि म्हणायचा, “आला.” एवढंच. दिवा संथ होईपर्यंत हातातलं काम तसंच ठेवून बसायचा. तिकडे तो आईचा फोटो बघतोय, इकडे हा दिवा बघतोय. दोघांची भेट ती एवढीच. ताईला वाटायचं, असं कसं बाई हे बोलणं, ज्यात एकही शब्द नाही!

अशी काही वर्षं गेली आणि एकदा ताईला स्वच्छतेची हुक्की आली. तिनं फडताळ पुसलं, रीळ उचलून शिवणाच्या डब्यात टाकलं आणि लॅपटॉपचं झाकण नीट मिटवून वर धुतलेला रुमाल घातला. दादा त्या दिवसांत तापानं आत अंथरुणावर पडून होता. लॅपटॉप आपला शहाण्यासारखा झोपी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. ताईचे हात कणकेत, म्हणून दादानंच उठून घेतला.

“ताई, दादाला काही झालं का?” धाकट्याचा आवाज लटपटत होता. “कालपासून काहीच दिसत नाही. दादा असताना बंद पडायचा नाही तो.”

दादानं फडताळाकडे पाहिलं. रुमाल पाहिला. सगळं समजलं.

“मीच बोलतोय,” तो म्हणाला. “झाकण पडलं होतं. लॅपटॉप आहे तो, झाकण पडलं की झोपतो. तुझ्या सर्व्हरसारखा नाही.”

तिकडून उत्तर आलं, “दादा, सर्व्हरला झाकणच नसतं.”

“तेच म्हणतो मी. म्हणून बिचाऱ्याला झोप नाही.”

“मला पण नाही रे, दादा.”

“मग ये की इकडे,” दादा म्हणाला. इतक्या वर्षांनी निघाले ते शब्द. ताई कणीक तशीच टाकून दारात उभी राहिली.

“येतो. रजा मिळाली की येतो.”

पण तिथे एक उठला की त्याच्या जागी दुसरा बसलाच पाहिजे, तेव्हा रजा. ती काही मिळेना. फोन सुरुवातीला झाले, मग विरळ झाले. दादा आपणहून करायचा नाही. “कामात असेल,” म्हणायचा. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. एकदा ताई फडताळापाशी गेली आणि तिनं रिळावर बोट ठेवलं. झाकण पाडलं की फोन येतो, हे तिला आता माहीत होतं.

“नको, ताई,” दादा मागून म्हणाला. “उगाच त्याच्या जिवाला घोर.”

शेवटी रजा मिळाली. तिकीटही निघालं. पण धाकट्याला त्या तिकिटाच्या तारखेआधीच यावं लागलं, आणि दारात दादा नव्हता; आत त्याच्या नावाची पणती जळत होती. आल्या आल्या तो फडताळासमोर जाऊन उभा राहिला. लॅपटॉप चालू होता. विटांवर, रिळासकट.

“एवढी वर्षं चालला?”

“झोपू दिला नाही त्यानं,” ताई म्हणाली.

पण सांगायचं ते त्याच्या आदल्या आठवड्यातलं. पंखा घरघरायला लागला होता, ब्रशानं भागेना. दादा चपला घालून निघाला. पायरीवरच धाप लागली.

“अरे, तुझ्या छातीचा पंखा वाजतोय, तो दाखव आधी डॉक्टरला!” ताई ओरडली.

“आधी हा. तो येईल आणि हा बंद दिसला तर म्हणेल, बघ, लॅपटॉपला जमलं नाही.”

जुन्या सामानाच्या बाजारात त्यानं चार दुकानं पालथी घातली, दुकानदाराशी नेहमीसारखी हुज्जत घातली आणि पंखा घेऊन परतला. पाणी प्यायला. चष्मा पुसला. जुना पंखा काढून नवा बसवला, लॅपटॉप विटांवर ठेवला, झाकण रिळावर टेकवलं आणि सुरू केला. घरघर गेली होती. ताईनं चहा आणून बाकावर ठेवला.

थोड्या वेळानं दिवा भराभर लुकलुकायला लागला.

दादानं हात लांबवून रेडिओ बारीक केला.

“आला,” तो म्हणाला.