टाचेखालची फळी

आमच्या ह्यांच्या कामावर कुणी बूट घालून आलं की त्याचं काही खरं नसे, मग तो इंजिनियर असो नाहीतर घरमालक. "पायातलं बाहेर," एवढंच म्हणायचे आणि मान वर न करता रंधा मारत राहायचे. मला हसू यायचं. घरात स्वतःचा बनियन सापडत नाही, आणि परक्याच्या माडीवर हा रुबाब.

देवाप्पा सुतार ह्यांचं नाव. आम्ही खानापूरकडचे. तीस वर्षांपूर्वी बेंगळुरूला आलो तेव्हा हे दारं-खिडक्या करायचे. पुढं जुन्या बंगल्यांच्या माड्यांवरच्या लाकडी जमिनी दुरुस्त करायला लागले आणि त्यातच रमले. जुनं सागवान, त्यावर कुणीतरी मेणकापड चिकटवलेलं, त्याखाली वाळवी. हे एकेक फळी उचलणार, पाठीवर खडूनं नंबर घालणार, किडलेला तुकडा कापून तिथं जुनंच लाकूड जोडणार, आणि प्रत्येक फळी परत आपल्या जागी बसवणार. मग हातानं घासायची आणि जवसाचं तेल पाजायचं. मशीन लावलं तर काम लवकर होतं की, पण मशीन लाकूड खातं म्हणतात. ह्यांच्याशी वाद कोण घालणार?

काम संपलं की ह्यांच्या दोन रीती होत्या. पहिली, डोळे मिटून, अनवाणी, टाच टेकत सगळी जमीन चालायची. एखादी फळी केसभर हलली तरी टाचेला कळायचं. दुसरी रीत माझी. मालकांच्या आधी मी जमिनीवरून चालायचं, लक्ष्मीचं पाऊल म्हणून. मग बनशंकरीहून दोन बस बदलून, ठेवणीतली साडी नेसून मी जायची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची. हे विचारायचे, "कसं वाटलं?" मी म्हणायची, "छान." मनात संध्याकाळची भाजी. अशी सव्वीस घरं चालले मी.

सत्ताविसावं घर कुक टाउनमधलं, अनुसूयाअक्कांचं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडचं. मराठी बोलता बोलता अक्का मध्येच कन्नडात शिरणार. वय अठ्ठ्याहत्तर, जीभ धारदार. परदेशातला मुलगा म्हणाला, लाकूड काढून टाइल्स घालू. अक्का म्हणाल्या, "मी गेल्यावर घाल." माडीवर एकेचाळीस फळ्या. हे दोन महिने तिथं खपले.

शेवटच्या दिवशी मी गेले तेव्हा ह्यांची फेरी चालू होती. मी दारात चप्पल काढली आणि बघते तर ह्यांच्या मागं एका पावलाआड एक लाल ठिपका. आधी वाटलं, कुंकू सांडलंय.

"अहो, पाय बघा."

ह्यांनी पाय उचलला. टाचेत जुना खिळा अर्धा घुसलेला. हे त्याच्याकडं नुसतं बघत राहिले, जसा काही दुसऱ्याचाच पाय. 

"दुखत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून टाच झोपलीय."

ह्यांना शुगर बारा वर्षं. दिवाळीनंतर आठ महिने झालेले, आणि त्यात दोन घरं पुरी केलेली. म्हटलं, त्या घरांचं काय केलंत? म्हणाले, गुडघ्यावर बसून तळहातानं बघितली. पण हाताला तेवढं कळत नाही, अंगाचा भार पडला तरच फळी बोलते, म्हणून आज परत टाचेनं बघत होतो. मला असा राग आला. "मला सांगायला काय झालं होतं? मी परकी काय?"

"सांगितलं असतं तर काम सोडायला लावलं असतंस."

खोटं नव्हतं ते. लावलंच असतं.

आवाज ऐकून अक्का वर आल्या. ह्यांनी हात जोडले. "अक्का, जमीन झाली म्हणून आज सांगणार होतो. पण माझ्या पायाला आता काही कळत नाही. दुसरा सुतार बोलवून बघून घ्या." आणि हत्यारं गोळा करायला लागले. ह्या माणसाला दुसरं काही येत नाही हो. ह्याची सगळी अब्रू त्या दोन टाचांत होती, आणि ती ह्यांनी स्वतःच अक्कांच्या पुढ्यात ठेवली.

"स्वल्प बस आधी," अक्का म्हणाल्या. ह्यांच्याच पिशवीतली पकड घेऊन त्यांनी खिळा ओढला, जखम धुतली, पट्टी बांधली. ह्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. तिथं मला रडू फुटलं.

अक्का माझ्याकडं वळल्या. "सव्वीस घरं चाललीस म्हणे तू. चाल की."

"मला काय कळतंय अक्का?"

"पाय आहेत नव्हं?"

मी चालायला लागले. त्या दिवशी भाजीबिजी काही आठवलं नाही. सतराव्या फळीवर, खिडकीजवळ, डाव्या पायाखाली अगदी थोडं काहीतरी दबलं. "इथं," मी म्हटलं. हे रांगत आले, तळहात टेकला. "भार दे." मी दिला. ह्यांचा चेहरा उजळला. फळी उचलली तर खालची पाचर निसटलेली. नवी ठोकली. "आता?" म्हटलं, "गप बसली." शेवटपर्यंत अशा दोन सापडल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या आधीच्या दोन घरीही गेलो, खरं ते सांगितलं आणि मी चालून दाखवलं. एका घरी एक फळी निघाली, ती बसवून दिली.

डॉक्टरांनी ह्यांना बजावलं, आता अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. तेलाचा शेवटचा हात मारून वाळल्यावर अक्कांनी बोलावलं. त्यांनी ह्यांच्यासाठी मऊ तळव्यांचे कोरे बूट आणून ठेवले होते. हे बूट घालून दारात उभे राहिले आणि आत पाऊल टाकेनात.

"ये," अक्का म्हणाल्या. "ह्या माडीवर बूट घालून येणारा तू पहिला. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

त्या बाईचे उपकार मी कधी विसरणार नाही. आज इंदिरानगरात काम चालू आहे, तेही त्यांच्यामुळं. माझी सकाळ ह्यांचे तळवे तपासण्यात जाते, दुपार फळ्या तपासण्यात.

त्या दिवशी मी पुढं अनवाणी आणि मागं हे बूट घालून, असे आम्ही शेवटच्या फळीपर्यंत गेलो. मग ह्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कसं वाटलं?"

"छान" अगदी ओठांवर आलं होतं. पण ह्यांची नजर माझ्या पायांवर होती. मग मी सांगितलं. पहिल्या चार गार लागतात. नववीवर गाठ आहे, ती अंगठ्याला लागते पण बोचत नाही. खिडकीजवळच्या उन्हानं कोमट झाल्यात. कडेची इतकी गुळगुळीत आहे की पाय उचलावासा वाटत नाही.

हे डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले तसे म्हणाले, "सतरावी राहिली. ती सांग."