बिनभोंग्याचं उद्घाटन

परळीच्या मोंढ्यात चन्नप्पांचं दोरखंडाचं दुकान होतं. कासरे, दावी, वेसणी, सुतळी, पोती, सगळं मिळायचं. गिऱ्हाईक नसलं तर आप्पांचा आवाज फुकटात मिळायचा. आणि काय तो आवाज, बाई! त्यांनी "चहा सांग रे" म्हटलं की तीन हॉटेलांतून चहा यायचा. लग्नात अक्षता पडत असतानाच म्हणे नवरीनं, म्हणजे गंगासागरबाईंनी, आपल्या आईला विचारलं होतं, "हे असेच बोलतेत का रागावलेत?"

अशा माणसाला देवानं नात दिली कावेरी. नऊ वर्षांची, नजरेनं चुणचुणीत, बोलणं अगदी बेतानं. आवाज मात्र तिला सोसायचा नाही. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात, थर्मल वीजकेंद्राचा भोंगा झाला की पोरगी पलंगाखाली. आणि आज्जा घरात शिरला की, आता काय सांगायचं! बिचारे आप्पा उंबऱ्यापाशी थांबून हळूच म्हणायचे, "कावेरीऽ." त्यांचं हळूच म्हणजे रेल्वे स्टेशनापर्यंत.

पोरीला बागेत नेलं तरी तीच गत. लोखंडी पाळण्याची करकर, पोरांचा गिल्ला. ती फाटकातूनच मागे फिरायची. एक दिवस अशी मागे फिरली तेव्हा आप्पांनी मनाशी ठरवलं, दुकानामागचा आपला मोकळा प्लॉट आहे ना, तिथं हिच्या जोगं मैदान करायचं.

शेजारचा हॉटेलवाला सुग्रीव कपाळाला हात लावून बसला. "आप्पा, सगळं गाव गाळे काढायलंय. एस्टीडी काढा, झेरॉक्स काढा, जागा सोनं हाय. झोके कावून?"

"तुझ्या हॉटेलात माझी नात बसंल का?"

"न्हाई. टेप चालू असतो ना."

"मंग गप बे."

झालं, आप्पा कामाला लागले. पडलं तर लागू नये म्हणून गंगाखेडची वाळू टाकली. विणून विणून जाळीचा झोका केला, खाटेएवढा रुंद. गल्लीतल्या भामाबाईच्या पोरीचे, सत्यशीलाचे, पाय चालत नव्हते, तिला आडवं पडून झुलता यावं म्हणून. तिची तीनचाकी थेट झोक्यापर्यंत जाईल अशी वाट धुमसानं ठोकून सपाट केली. गल्लीतल्याच राजेश्वर नावाच्या पोराला दिसत नव्हतं, त्याच्यासाठी हाताच्या उंचीवर दोरी बांधली. एक गाठ लागली की झोका, दोन लागल्या की वाळूचा ढीग. कोपऱ्यात पोत्यांची एक खोपटी केली. ज्याला गलका नको झाला त्यानं तिथं जाऊन बसावं, कुणी हाका मारायच्या नाहीत.

प्रत्येक दोरी कावेरीच्या हाताखालून जायची. ती गालावर घासून बघायची. टोचली की फेकून द्यायची. मग आप्पा ती भिजवायचे, मळायचे, पुन्हा हजर करायचे. "सासूनं सून पारखावी तसं पारखायलीय," गंगासागरबाई म्हणायच्या.

पण हे सगळं रिकाम्या मैदानात. दुसरी पोरं आली की कावेरी झोक्यावर बसेल का पळेल, आप्पांचा जीव एवढ्यावर टांगलेला.

आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांची अक्कल एकदम चरायला गेली! परळीत पानटपरी उघडायची तरी भोंगा लागायचा, हलगी लागायची, फटाक्यांची माळ लागायची. त्याशिवाय उद्घाटन झालं असं कुणी मानायचंच नाही. आप्पांनी भोंगे सांगितले. हलगीवाल्याला सुपारी खुद्द गंगासागरबाईंनी दिली. कुणासाठी एवढा खटाटोप चाललाय, ते एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" झालं, हलगी कडाडली, माळ फुटली, आणि कावेरी गायब. राजेश्वर दोरी सोडून मटकन खाली बसला. त्या आवाजात त्याला कुठली बाजू कुठं तेच कळेना.

"बंद करा बे ते!" आप्पा ओरडले. भोंग्यापेक्षा मोठं झालं.

"आधी तुमी बंद व्हा," गंगासागरबाई फिस्कारल्या.

सगळं थांबलं. सुग्रीव कानाशी येऊन म्हणाला, "आप्पा, वाजवल्याबिगर उद्घाटन? लोक काय म्हणतेल?"

"म्हणू दे. हळू म्हणा म्हणावं."

कावेरी पोत्यांच्या खोपटीत सापडली. गुडघ्यात डोकं, कानांवर हात. आप्पा दाराशी मांडी घालून बसले. बोलायला तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. जन्मभर ज्या तोंडाच्या जिवावर धंदा केला, ते आज काही कामाचं नव्हतं.

पण आप्पा बैलबाजारात मध्यस्थीही करायचे. तिथं आरडाओरडा नुसता दाखवायला. खरा भाव ठरतो टॉवेलाखाली, एकमेकांची बोटं दाबून, तोंडातून अक्षर न काढता. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला आणि हात खोपटीत सरकवला. डोळ्यांनी झोका दाखवला.

मग टॉवेलाखाली एक लहानसा हात आला.

आप्पांनी तिचं एक बोट दाबलं. एक झोका. कावेरीनं हात झटकला, अगदी मुरलेल्या शेतकऱ्यासारखा, आणि आप्पांची दोन बोटं धरली. आप्पांनी दिवाळं निघाल्यासारखं तोंड केलं. तिनं तीन धरली. आप्पांनी मान हलवली. तिनं पंजाच धरला. सौदा पाचावर पटला.

टॉवेलातला हात न सोडता ती बाहेर आली. माणसं तोंडं दाबून उभी. झोक्यावर सत्यशीला आधीच पहुडलेली. कावेरी थबकली. सत्यशीलानं अंग चोरून जागा केली. कावेरीनं तिच्याकडे बघितलं, जाळी चाचपली आणि बसली. बसली ती बसली, आज्ज्यालाही ओढलं!

आप्पांचं ते पोट, ती जाळी! गंगासागरबाईंनी पदर तोंडात कोंबला. राजेश्वर दोरी धरून गाठीपाशी आला आणि त्यानं झोक्याला हळूच ढकललं. पाच झोके झाले. कावेरी हसत होती, आवाज न करता, खांदे हलवून.

आप्पा उठायला गेले तर टॉवेल ओढला गेला. नवा सौदा. आत बघतात तर एक नाही, दोन हात. दुसरा सत्यशीलाचा.

आप्पांनी केविलवाणं बायकोकडे बघितलं.

"बघताव काय?" गंगासागरबाई कुजबुजल्या. "दोन गिऱ्हाइकं एकदम आलीत. बसा गप."