मावशीच्या कपाटातली पुडी

पोलिसांच्या प्रयोगशाळेत रसायन विभागात टेबलं पाच आणि माणूस एक. दोघं निवृत्त झाले, एकाला औषध कंपनीने उचललं, एकीने तर राजीनामाही न देता यायचं बंद केलं. उरल्या त्या फक्त बाई. पकडलेला माल कपाटांत मावेना, तेव्हा त्या रिकाम्या खुर्च्यांवर पुड्या रचायच्या आणि म्हणायच्या, "आमचा स्टाफ फुल्ल आहे हो!"

बाईंच्या थोरल्या बहिणीचा मुलगा भिंतींना पुट्टी लावायचा. नाक्यावर पोलिसांनी पिशवी झाडली, पांढरी भुकटी निघाली आणि अमली पदार्थ म्हणून त्याला आत टाकलं. जामीन मागितला, तर कोर्ट म्हणालं, आधी तपासणीचा अहवाल येऊ दे.

पुडी आली ती बाईंच्याच टेबलावर. वर नाव भाच्याचं. चार थेंब टाकले असते तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण आरोपी नात्यातला असला तर मालाला हात लावायचा नाही, असा नियम. त्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, हे दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"कुणाला? खुर्च्यांना?" साहेबांनी मान वर केली नाही. "दुसऱ्या शहरात पाठवू. न्यायला माणूस मिळाला की."

शिपायाची जागाही रिकामीच होती. पुडी बाईंच्या कपाटात पडून राहिली.

बहीण घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"चार थेंबांचं काम, असं तूच म्हणालीस ना?"

"ताई, मी केलं तर सरकारी वकील म्हणेल, मावशीने सोडवला. मग तो कायमचा अडकेल."

"आता मोकळा आहे वाटतं?" बहीण उठली. "माय मरो, मावशी जगो म्हणे! ज्याने म्हटलं त्याला तुझ्यासारखी मावशी नसणार."

माणूस मिळाला, पुडी गेली आणि तिकडच्या रांगेत पुन्हा बसली. तेवढ्यात तुरुंगात झोपायच्या जागेवरून भांडण झालं आणि पोराच्या कानावर कुणीतरी बादली हाणली. त्यानंतर कधीतरी अहवाल आला. भुकटी पुट्टीचीच होती.

पोरगा सुटला. त्याची जागा ठेकेदाराने केव्हाच भरली होती. तशीही त्याला आता शिडीवर चक्कर यायची. बाई भेटायला गेल्या. पलंगापाशी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "चुकलं रे माझं."

"त्या कानाने ऐकू येत नाही, मावशी. इकडून बोल."

बाई वळसा घालून दुसऱ्या बाजूला आल्या. तेच शब्द पुन्हा काही तोंडातून फुटेनात. बहीण दारात उभी होती. "झालं असेल बोलून तर नीघ," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात साहेबांनी चहाच्या वेळी बाईंच्या सचोटीचं तोंडभरून कौतुक केलं. रक्त तपासणाराही नोकरी सोडून गेला होता. त्याच्या खोलीची किल्ली साहेबांनी बाईंच्या हातात ठेवली.